वाचनालयाचं अनुदान आणि बालविभागाचं कपाट

सरकार वाचनालयांना पैसे देतं, हे आपल्यापैकी बहुतेकांना माहीत असतं. किती देतं, कशासाठी देतं आणि त्यातलं शाळकरी पोरांच्या वाट्याला काय येतं, असं विचारलं की मात्र सगळे गप्प. वाचनालयाच्या कार्यकारिणीवर असलेली माणसंही बऱ्याचदा एवढंच सांगतात, "हप्ता आला" किंवा "हप्ता अडकला". म्हणून आज जरा मागे जाऊन हा हिशेब मांडतो. पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

आपल्याकडे पुस्तकांवर सरकारी पैसा खर्च होण्याची एक जुनी गोष्ट पुण्यातली आहे. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जायची. पेशवाई गेली, कंपनी सरकार आलं, तरी कमी प्रमाणात का होईना, ही दक्षिणा चालू राहिली. 1849 च्या सुमारास पुण्यातल्या सुधारकांनी अर्ज केला, की या पैशातला काही भाग मराठीत चांगली पुस्तकं लिहिणाऱ्यांना द्या. सनातनी मंडळी चिडली, गावात वादळ झालं. पण 1851 मध्ये दक्षिणा प्राइज कमिटी झाली आणि मराठी ग्रंथांना बक्षिसं मिळायला लागली. या अर्जामागे लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख होते. 1848 मध्ये पुण्यात जे वाचनालय निघालं, आजचं पुणे नगर वाचन मंदिर, त्याच्या उभारणीतही तेच होते. पुस्तक लिहून घ्यायचं आणि ते वाचायला जागाही करायची, ही दोन्ही कामं एकाच माणसाच्या डोक्यात होती, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

तोवर इतर शहरांतही वाचनालयं निघाली होती. रत्नागिरीचं 1828 मधलं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 मधलं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर 1850 मधलं. तेव्हा त्यांना 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' म्हणायचे. साहेब, वकील, मामलेदार, शाळामास्तर यांच्या वर्गणीवर ती चालायची. ज्याची वर्गणी त्याचं पुस्तक, असा साधा नियम होता. मुलांचा प्रश्नच नव्हता, कारण मुलाच्या खिशात वर्गणी नव्हती. ही गोष्ट आत्ता किरकोळ वाटेल, पण पुढचं सगळं हिच्याभोवती फिरतं.

सरकारने वाचनालयासाठी नियमित आणि ठरावीक सूत्राने पैसे द्यायचे, ही कल्पना खरी रुजवली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी. महाराज मूळचे आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. त्यांनी 1906 मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मग त्यांच्या लक्षात आलं, की पोरगं चौथी शिकून शेतावर गेलं की दोन-चार वर्षांत अक्षरं विसरतं. शाळेवर केलेला खर्च वाया जाऊ द्यायचा नसेल तर गावात वाचायला काहीतरी असलं पाहिजे. म्हणून 1910 मध्ये त्यांनी अमेरिकेतून विल्यम बोर्डन नावाचा ग्रंथपाल आणला आणि त्याच्याकडे स्वतंत्र खातं सोपवलं. गावोगावी वाचनालयं काढणारे मोतीभाई अमीन यांच्यासारखे कार्यकर्तेही या कामाला जोडले गेले.

बडोद्याचं सूत्र आजही समजून घ्यावं असं आहे. गावाने वाचनालयासाठी वर्षाला 25 रुपये जमवले, की तेवढेच पैसे प्रांत पंचायत घालायची आणि तेवढेच सरकार. म्हणजे तीन वाटे. मोठ्या गावांसाठी आणि शहरांसाठी रकमा मोठ्या, सूत्र तेच. ज्या गावात वाचनालय नाही तिथे पुस्तकांच्या पेट्या जायच्या. पेटी फुकट आणि पाठवणीचा खर्चही सरकारचा. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी वेगळी खोली होती, तिथे पुस्तकांबरोबर खेळही ठेवलेले असत. मुलाने आधी खेळायला यावं, मग पुस्तकाला हात लावावा, असा तो हिशेब. शंभर वर्षांपूर्वीचा!

या सूत्रात एक शहाणपण होतं. वाचनालय सरकारचं नव्हतं, गावाचं होतं. पण गावाला एकटं सोडलेलं नव्हतं. आणि एक अडचणही होती. ज्या गावाला 25 रुपये जमवता येत नाहीत, त्या गावाला सरकारही काही देत नाही. गरीब गावाच्या वाट्याला पेटी. जुळवणी अनुदानाचा हा पेच तेव्हापासून आजपर्यंत सुटलेला नाही.

मुंबई इलाख्यात गोष्ट उशिरा सुरू झाली. 1939 मध्ये बाळासाहेब खेरांच्या काँग्रेस सरकारने आसफ फैजी यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय विकास समिती नेमली. समितीने वरपासून खालपर्यंत साखळी सुचवली. मुंबईत मध्यवर्ती ग्रंथालय, मग विभागीय, जिल्हा, तालुका आणि शेवटी गाव. पण त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, युद्ध चालू होतं आणि 1940 चा अहवाल कपाटात गेला. खेर पुन्हा सत्तेवर आल्यावर तो बाहेर निघाला. 1947 मध्ये मुंबईत एशियाटिक सोसायटीत मध्यवर्ती ग्रंथालय सुरू झालं आणि पुणे, अहमदाबाद, धारवाडला विभागीय ग्रंथालयं झाली. साखळीचं वरचं टोक आधी बांधलं गेलं. खालचं टोक, म्हणजे गाव, तिथे सरकारने स्वतः काही उभं केलं नाही. तिथल्या लोकांच्या संस्थांना मदत द्यायची, असं धोरण राहिलं.

दरम्यान कोल्हापूर संस्थानाने 1945 मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. भारतातला पहिला. त्याचा फार डंका आपण पिटत नाही, पिटायला हवा. 1949 मध्ये संस्थान विलीन झालं.

मग 1948 मध्ये मद्रासचा कायदा आला. त्यामागे डॉ. एस. आर. रंगनाथन होते. त्या कायद्यात ग्रंथालय उपकर होता. म्हणजे घरपट्टीबरोबर थोडी रक्कम ग्रंथालयाच्या नावाने गोळा करायची आणि ती फक्त त्यावरच खर्च करायची. पुढे 1965 मध्ये कर्नाटकानेही उपकराची वाट धरली. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1967 चा, अंमलात आला 1 मे 1968 ला. त्यात राज्य ग्रंथालय परिषद आहे, जिल्हा समित्या आहेत, स्वतंत्र ग्रंथालय संचालनालय आहे. उपकर नाही. त्याऐवजी ग्रंथालय निधी आहे आणि त्यात राज्याने दरवर्षी किमान 25 लाख रुपये घालावेत अशी तरतूद आहे.

आता इथे जरा थांबा, कारण पुढच्या सगळ्या रडगाण्याचं मूळ इथे आहे. उपकराचा पैसा घरांच्या संख्येबरोबर आणि मालमत्तेच्या किमतीबरोबर आपोआप वाढतो. कायद्यात छापलेले 25 लाख आपोआप वाढत नाहीत. 1967 चे 25 लाख आणि आजचे 25 लाख यांत काय फरक आहे, ते मी सांगायला नको. प्रत्यक्षात सरकार त्याच्या कितीतरी पट जास्त खर्च करतं, हे खरं आहे. पण तो खर्च हक्काचा राहत नाही. दर काही वर्षांनी निवेदनं द्यायची, मोर्चा काढायचा, अधिवेशनाची वाट बघायची आणि मग घोषणा व्हायची. उपकराचे तोटेही आहेत. गोळा झालेला पैसा पालिका वेळेवर पुढे देत नाहीत, ही तक्रार उपकर असलेल्या राज्यांतही ऐकू येते. तरीही मागावं लागणं आणि मिळणं बांधील असणं, यांत फरक आहेच.

1970 मध्ये अनुदानाचे नियम आले. वाचनालयांचे वर्ग पडले. जिल्हा, तालुका आणि इतर असे प्रकार, आणि त्यांत अ, ब, क, ड. ग्रंथ किती, सभासद किती, वर्तमानपत्रं आणि नियतकालिकं किती, वाचनालय दिवसातून किती वेळ उघडं, यावर वर्ग ठरतो. वरच्या वर्गांकडून बालविभाग आणि महिला विभाग यांची अपेक्षा असते. या नियमांमुळे महाराष्ट्रात शासनमान्य वाचनालयांचं जाळं बारा हजारांच्या घरात गेलं. ही साधी कामगिरी नाही. पोस्ट ऑफिस, प्राथमिक शाळा आणि देवळाच्या शेजारी वाचनालयाची पाटी असलेली इतकी गावं फार कमी राज्यांत सापडतील. बाकीचं वाचण्याआधी हे कबूल करून पुढे जाऊ.

पण नियम जे मोजतो तेच वाढतं. नियमाने ग्रंथसंख्या मोजली, ग्रंथसंख्या वाढली. सभासदांची नोंदवही मोजली, नोंदवही भरली. मुलाने किती पुस्तकं नेली, परत येऊन दुसरं मागितलं का, सहावीतल्या पोरीला सातवीत गेल्यावर वाचायला काही उरलं का, हे कुठल्या रकान्यात लिहायचं? बालविभाग "आहे" असं दाखवायला एक कपाट, वर पाटी आणि एक वेगळी नोंदवही पुरते. म्हणून अनेक ठिकाणी बालविभाग म्हणजे कुलूप लावलेलं काचेचं कपाट. कुलूप का? तर पुस्तकं फाटली, हरवली, तर तपासणीत उत्तर कोण देणार! कोरं पुस्तक हिशेबात जमा राहतं, आणि वाचून वाचून खिळखिळं झालेल्या पुस्तकाबद्दल जाब द्यावा लागतो.

आता पैशाचा हिशेब करू. 2012 च्या वाढीनंतर ड वर्गाच्या वाचनालयाला वर्षाला कमाल 30,000 रुपये मिळायचे. पुढची मोठी वाढ 2022 च्या अखेरीस झाली, 60 टक्के. म्हणजे ड वर्गाला 48,000 रुपये. दहा वर्षांनी झालेली वाढ, तेव्हा सगळ्यांना बरं वाटलं. ढोबळमानाने यातले निम्मे वेतनाचे. 24,000 भागिले 12, म्हणजे महिन्याला 2,000 रुपये. एवढ्या पैशात वाचनालय रोज उघडणारा, झाडणारा, पुस्तकं देणारा-घेणारा, नोंदवह्या लिहिणारा माणूस हवा. बहुतेक ठिकाणी एकच माणूस. तो सरकारी नोकर नाही, त्याला वेतनश्रेणी नाही, निवृत्तिवेतन नाही. व्यंकप्पा पत्की समितीने 2001 च्या सुमारास या कर्मचाऱ्यांच्या वेतनाचा प्रश्न मांडला होता. त्याला आता दोन तपं झाली.

उरले 24,000. रोजचं एक वर्तमानपत्र पाच रुपयांचं धरा, वर्षाला 1,825 रुपये. चार पेपर घेतले तर 7,300. मग मासिकं, वीजबिल, भाडं असेल तर भाडं, हिशेब तपासनिसाची फी, दिवाळी अंक. हे सगळं जाऊन पुस्तकांना जे राहतं त्यात आधी कादंबऱ्या आणि चरित्रं, कारण वर्गणी देणारा सभासद तेच मागतो. सगळ्यात शेवटी मुलांची पुस्तकं. शिवाय अनुदान येतं दोन हप्त्यांत. दुसरा हप्ता मार्चच्या तोंडावर हातात पडला, की घाईघाईने खरेदी, जे गठ्ठ्यात स्वस्त पडेल ते. त्या गठ्ठ्यात आठ वर्षांच्या मुलाला आवडेल असं मोठ्या अक्षरांचं, चांगल्या चित्रांचं पुस्तक असेलच असं नाही. असं पुस्तक पानांच्या मानाने महाग असतं, आणि ग्रंथसंख्या मोजताना 16 पानांचं आणि 400 पानांचं पुस्तक सारखंच.

2012 मध्ये आणखी एक घटना घडली. महसूल खात्यामार्फत राज्यातल्या वाचनालयांची पडताळणी झाली. कागदावरची वाचनालयं होती, हे कुणीच नाकारत नाही. ती बंद व्हायलाच हवी होती. पण त्यानंतर बराच काळ नव्या वाचनालयांना मान्यता आणि जुन्यांना दर्जावाढ थांबली. सचोटीने चालणारं क वर्गाचं वाचनालय ब वर्गाइतकं काम करत असलं तरी अनुदान क चंच. लबाडांमुळे प्रामाणिकांना शिक्षा, ही आपल्याकडची जुनी पद्धत.

मग इतर पैसा कुठे आहे? आहे. केंद्राचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान 1972 पासून कोलकात्याहून चालतं. राज्याने आपला वाटा घातला की ते आपला घालतं, शिवाय काही योजनांत राज्याच्या वाट्याची अटही नाही. बालविभाग उभारण्यासाठी त्यांच्याकडून साहाय्य मिळू शकतं. पण अर्ज, प्रस्ताव, दाखले, ठराव हे सगळं दोन हजार रुपयांवर काम करणाऱ्या त्याच माणसाने करायचं. ज्या वाचनालयात एखादा निवृत्त मुख्याध्यापक किंवा बँकेतला माणूस कागदपत्रं करायला बसतो, तिथे योजना पोचते. बडोद्याचाच पेच पुन्हा: ज्याच्यापाशी आहे त्यालाच मिळतं.

शाळांचा पैसा वेगळा. समग्र शिक्षा योजनेतून सरकारी शाळांना ग्रंथालयासाठी वर्षाला 5,000 ते 20,000 रुपयांपर्यंतची तरतूद आहे. तो शालेय शिक्षण खात्याचा. सार्वजनिक वाचनालयं येतात उच्च व तंत्र शिक्षण खात्याकडे. शाळा आणि वाचनालय यांच्यात एका रस्त्याचं अंतर असतं, पण खाती दोन, फायली दोन, खरेदी दोन. शाळेची पुस्तकं उन्हाळ्याच्या सुटीत कुलपात, म्हणजे मुलांना वेळ असतो नेमकी तेव्हाच.

सरकारला वाचनाची आच नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. 'किशोर' मासिक 1971 मध्ये बालभारतीने सुरू केलं आणि चांगले लेखक, चांगले चित्रकार, परवडणारी किंमत यांच्या जोरावर ते पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी गेलं. सरकारी यंत्रणा मुलांसाठी उत्तम काम करू शकते, याचा यापेक्षा चांगला पुरावा नको. 2015 पासून डॉ. कलामांच्या जन्मदिवशी, 15 ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिन होतो. 2017 मध्ये भिलार पुस्तकांचं गाव झालं. 2025 च्या जानेवारीत पहिला पंधरवडा 'वाचन संकल्प महाराष्ट्राचा' हा उपक्रम झाला. हे सगळं चांगलंच. फक्त उत्सव आणि रोजचा खर्च यांत मी फरक करतो. प्रेरणा एका दिवसात मिळते, पण 16 ऑक्टोबरला ते मूल वाचनालयात गेलं तर कपाटाची किल्ली कुणाकडे आहे, हा प्रश्न वर्षभराच्या पैशाचा आहे.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे फारसं लक्ष जात नाही. आपल्या वाचनालयांतले फलक बघा. बालविभाग, महिला विभाग, संदर्भ विभाग, स्पर्धा परीक्षा अभ्यासिका. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींचं काय? बालविभागातली चित्रांची पुस्तकं त्यांना लाज आणतात आणि मोठ्यांच्या कपाटाकडे त्यांना कुणी पाठवत नाही. ही मुलं पाच-सहा वर्षं वाचनालयातून गायब होतात आणि एकदम विसाव्या वर्षी अभ्यासिकेत उगवतात, स्वतःची गाईड घेऊन. अभ्यासिका हवीच. ज्याच्या घरी दोन खोल्यांत सहा माणसं आहेत त्याला शांत खुर्ची देणं हे वाचनालयाचं मोठं काम आहे. पण त्या खुर्चीवर बसलेला मुलगा वाचनालयाचं एकही पुस्तक न उघडता तीन वर्षं काढतो आणि आपण "तरुणांचा प्रतिसाद उत्तम" असं अहवालात लिहितो.

या दोनशे वर्षांत मला एक धागा दिसतो. वाचनालयाचा पैसा नेहमी जो वर्गणी देतो, मत देतो, निवेदन देतो त्याच्या मागे गेला. मूल यातलं काहीच करत नाही. वार्षिक सभेत त्याला हात वर करता येत नाही. म्हणून त्याच्या नावाचा वाटा वेगळा काढून ठेवावा लागतो, नाहीतर तो मोठ्यांच्या कादंबऱ्यांत जातो. यात कुणाची लबाडी नाही, ओघानेच तसं होतं.

माझी मागणी म्हणून फार मोठी नाही. अनुदानातला ग्रंथखरेदीचा ठरावीक हिस्सा मुलांच्या आणि कुमारांच्या पुस्तकांसाठी बांधून द्या. वर्ग ठरवताना बालसभासदांनी नेलेली पुस्तकं मोजा. फाटलेलं बालपुस्तक निर्लेखित करायची पद्धत सोपी करा, म्हणजे कुलूप निघेल. अनुदानाची रक्कम महागाईशी जोडा, म्हणजे दर दहा वर्षांनी मोर्चा काढावा लागणार नाही. यासाठी नवी योजना लागत नाही, नवं नाव आणि नवं बोधचिन्ह तर अजिबात नाही. जुन्या नियमांत चार ओळी घालाव्या लागतील.

आणि सरकार ते करेपर्यंत आपण काय करायचं? तुमच्या गावातलं, वॉर्डातलं वाचनालय कुठल्या वर्गात आहे ते विचारा. वर्गणी भरून सभासद व्हा, पोरांनाही सभासद करा. वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना फलकावर लागते, त्या सभेला जा. तिथे बहुतेक वेळा पंधरा माणसं असतात, तुम्ही सोळावे. हिशेब वाचून दाखवतील तेव्हा एकच प्रश्न विचारा: "गेल्या वर्षी मुलांची पुस्तकं किती रुपयांची घेतली?" भांडायला म्हणून विचारू नका. ग्रंथपालाला आधी चहा पाजा, तो दोन हजारांत आपल्या गावाचं दार उघडं ठेवतोय. पण उत्तर ऐकल्याशिवाय उठू नका. एकदा प्रश्न सभेच्या इतिवृत्तात आला, की पुढच्या वर्षी त्याचं उत्तर तयार ठेवावं लागतं.

उत्तर काय मिळालं ते खाली लिहा. वर्ग, तालुका आणि रक्कम, एवढंच पुरे. कुणा ग्रंथपालाचं किंवा पदाधिकाऱ्याचं नाव नको. दहा-वीस गावांचे आकडे जमले तर जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे द्यायच्या निवेदनात घालायला आपल्याकडे आपलंच काहीतरी असेल.